साध्या गाडीतनं पोलिसानं हात केला, तर थांबायचं का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याहून एका कुटुंबाला घेऊन रात्री सोलापूरकडं येत होतो. मी टुरिस्ट गाडी चालवतो. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर या फेऱ्यांवर आमची चूल पेटते. मोहोळ मागं पडलं आणि एक पांढरी स्कॉर्पिओ पाठीला लागून डिपर मारायला लागली. पुढं जायचं असेल म्हणून मी गाडी डावीकडं घेतली. ती पुढं जाईना. बरोबरीनं आली, काच खाली झाली आणि आतनं आवाज आला, "बाजूला घे! पोलीस!"

गाडीवर पट्टा नाही, दिवा नाही. हात बाहेर काढलेल्या माणसाच्या अंगात चौकड्याचा शर्ट. मागच्या सीटवरच्या आजींनी गळ्यातली माळ पदराखाली सरकवली ते मला आरशात दिसलं.

मी थांबलो नाही आणि पळालोही नाही. डावा इंडिकेटर दिला, चारही दिवे लुकलुकत ठेवले, वेग चाळिशीवर आणला आणि तसाच सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत गेलो. बूथच्या उजेडात, सीसीटीव्हीखाली गाडी लावली. तोवर आजींच्या मुलानं ११२ ला, म्हणजे पोलीस मदतीच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावला होता. उतरलेली माणसं खरेच पोलीस निघाली. आमच्यासारख्याच पांढऱ्या अर्टिगाच्या मागावर होती. त्यातला एक तरुण माझ्यावर उखडला, "थांबायला काय झालंतं रे?" त्यांच्यातल्या वयस्कर साहेबांनी मात्र ओळखपत्र काढून दाखवलं, गाडीत टॉर्च फिरवली आणि जाताना म्हणाले, "पुढं उजेडात थांबतो, असा हात तरी करायचा. आम्हाला वाटलं, पळायलास."

साहेबांचं ते वाक्य मी तेव्हापासून गाठीला बांधलंय. ते पुढं येईलच.

आमच्या स्टँडवर या विषयावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, साध्या कपड्यातल्या पोलिसासाठी थांबायची गरजच नाही, मोबाईलवर व्हिडिओ आलाय. दुसरा म्हणतो, पोलीस म्हटलं की ब्रेक, उगं शहाणपणा नको. दोघांचंही निम्मंच खरं आहे. एका वकील ओळखीच्यांकडं बसून मी कलमं समजून घेतली, आणि जे हाताला लागलं ते इथं क्रमानं मांडतोय.

कायदा गाडी बघत नाही, अंगावरचे कपडे बघतो

प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. "साध्या गाडीसाठी थांबायचं का?" असं म्हणताना आपलं सगळं लक्ष गाडीवर असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये पोलिसाची गाडी कुठल्या रंगाची हवी, तिच्यावर पट्टा हवा की नको, याच्यावर तुमचं थांबणं टांगलेलं नाही. तिथं शब्द आहे तो "गणवेशातील पोलीस अधिकारी".

कलम १३० वाचा. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्यानं गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं मागितल्यावर लायसन दाखवायचं. कलम १३२ अपघाताबद्दल आहे. तुमच्या गाडीनं माणसाला, जनावराला, दुसऱ्या गाडीला किंवा मालमत्तेला धक्का लागला असेल आणि गणवेशातल्या, फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, तर गाडी उभी करून लागेल तितका वाजवी वेळ थांबायचं, जास्तीत जास्त २४ तास. दारू तपासणीचं यंत्र तोंडाला लावायचं ते कलम २०३. तिथंही गणवेशातला पोलीस किंवा आरटीओचा अधिकारी असंच लिहिलंय. (शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की कलम १८५ लागतं, आणि पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.)

गंमत म्हणजे ब्रिटनचा रोड ट्रॅफिक ॲक्टही १९८८ चाच, आणि त्याच्या कलम १६३ मध्येही गाडी थांबवणारा पोलीस गणवेशात हवा अशीच अट आहे. मोबाईलवर फिरणारे बरेच व्हिडिओ तिकडचेच असतात. मुद्दा जुळतो, पण बाकीचे नियम तिकडचे, ते इकडं लावायला जाऊ नका.

याचा रोजच्या व्यवहारात अर्थ असा. खासगी दिसणारी बोलेरो आहे, पण उतरलेला माणूस खाकीत आहे, छातीवर नावाची पट्टी आहे, खांद्यावर "मपो" (महाराष्ट्र पोलीस) आहे, तर "गाडीवर पोलीस लिहिलेलं नाही" ही सबब चालत नाही. थांबायचं. आणि चौकात उभा राहून रहदारी सांभाळणाऱ्या, पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेल्या वाहतूक पोलिसानं हात केला, तर कलम ११९ प्रमाणे त्याचं ऐकणं बंधनकारकच आहे. कायदेशीर सूचना मुद्दाम धुडकावली तर कलम १७९ खाली दोन हजारांपर्यंत दंड आहे. सोलापुरात सात रस्ता चौकात पोलिसानं हात केला आणि तुम्ही म्हणालात "तुमची गाडी कुठाय?", तर लोक हसतील.

मग साध्या वेशातल्यांना काहीच अधिकार नाही?

आहे, आणि व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात.

लायसन, पीयूसी, सीटबेल्ट हे वाहतुकीचं काम, त्याला गणवेश लागतो. पण गुन्ह्याचा तपास वेगळा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५ मध्ये वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार "कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला" आहे, तिथं गणवेशाची अट नाही. स्थानिक गुन्हे शाखा, शहरातली गुन्हे शाखा, ठाण्यातलं गुन्हे शोधणारं डीबी पथक ही माणसं सिव्हिल ड्रेसमध्ये आणि खासगी गाडीतच फिरतात. खाकी घालून फिरले तर चोर सापडायचा कसा? गांजा वगैरेच्या संशयात अंमली पदार्थ कायद्याचं कलम ४९ अधिकृत अधिकाऱ्याला गाडी थांबवून झडती घ्यायची मुभा देतं. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ६८ सांगतं की पोलिसानं कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना सगळ्यांनी पाळायची.

म्हणजे साध्या वेशातला माणूस खरा पोलीस असेल आणि गुन्ह्याच्या कामावर असेल, तर "तू गणवेशात नाहीस" म्हणून निसटता येत नाही. मात्र त्यानं आपण कोण हे दाखवायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्येच सांगून ठेवलंय की अटक करणाऱ्यानं आपलं नाव आणि ओळख स्पष्ट दिसेल अशी लावावी. नव्या संहितेच्या कलम ३६ मध्येही ते आहे.

तर माझं मत असं. अंधारात, निर्जन रस्त्यावर, खूण नसलेल्या गाडीतला खूण नसलेला माणूस हात करतोय, तर जागच्या जागी ब्रेक मारायची घाई करू नका. पण पळूही नका. उजेडापर्यंत जा आणि तिथं थांबा. या मधल्या दोन-चार किलोमीटरांत काय करायचं, त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

पहिलं काम: "मी थांबतोय" हे कळू द्या

मागची माणसं खरी असतील तर त्यांना एवढंच बघायचं असतं की तुम्ही निसटताय का. म्हणून वेग कमी करा. एकदम नको, मागचा येऊन धडकेल. डावी लेन धरा, डावा इंडिकेटर, मग चारही दिवे. गाडीतला छताचा दिवा लावा, म्हणजे आत कोण आणि किती जण आहेत ते त्यांना दिसतं. उजवा हात काचेबाहेर काढून पुढं बोट दाखवा. त्या वयस्कर साहेबांचं म्हणणं हेच होतं. मी दिवे लावले, वेग उतरवला, तरी हात केला नव्हता, आणि तेवढ्यावरनं ते संशयाला पेटले.

वेग वाढवायचा नाही. लेन सोडून कट मारायचा नाही. मधल्या गावरस्त्याला वळायचं तर अजिबात नाही. खरे असतील तर ते पळणं ठरतं, खोटे असतील तर तुम्ही स्वतःच आडबाजूला जाता.

उजेड कुठं मिळतो ते आपल्या भागात तोंडपाठ हवं. पुणे रस्त्यावर टेंभुर्णीकडून येताना वरवडे आणि मोहोळनंतर सावळेश्वर, हे दोन टोलनाके. तुळजापूर रस्त्याला तामलवाडीचा नाका, पण ध्यानात ठेवा की तो धाराशिव जिल्ह्यात येतो, म्हणजे तिथली हद्द वेगळी. केगाव-बाळे ओलांडलं की शहराचे दिवे लागतातच. बाकी ठिकाणी चालू पेट्रोल पंप किंवा ट्रकांनी भरलेला ढाबा. बंद ढाबा नको.

किती अंतर चालेल? कायद्यात किलोमीटर लिहिलेले नाहीत. जवळचा पहिला सुरक्षित उजेड, एवढंच. समोरच पंप असताना "मी सावळेश्वरलाच थांबणार" म्हणून पंधरा किलोमीटर ओढलं तर त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

एक अपवाद. पुढं बॅरिकेड आहे, खाकीतली चार-सहा माणसं आहेत, रांगेनं गाड्या थांबताहेत, तर ती नाकाबंदी. तिथं हे काहीच लागू नाही, रांगेत उभं राहायचं. बॅरिकेडला गाडी घासली किंवा शिपायाच्या अंगावर गेली, तर सरकारी माणसावर कामात असताना हात टाकल्याचं, लोक ज्याला "तीनशे त्रेपन्न" म्हणायचे, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, आणि तिथनं पुढं किती कलमं चढतील याचा नेम नाही.

११२: कोणी लावायचा, काय बोलायचं

चालवता चालवता फोन कानाला लावू नका. हातात मोबाईल धरून चालवणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, आणि खऱ्या पोलिसासमोर ते करण्यात शहाणपण नाही. शेजारच्याला लावायला सांगा. एकटे असाल तर उजेडात थांबल्यावर, काच वर ठेवून लावा.

बोलायचं थोडक्यात, या क्रमानं: रस्ता कुठला आणि कुठल्या दिशेनं चाललाय, जवळची खूण किंवा किलोमीटरचा दगड, आपला गाडी नंबर, मागच्या गाडीचा रंग, बनावट आणि नंबर, आणि शेवटी एक सरळ प्रश्न, "साध्या वेशातले लोक पोलीस म्हणून थांबवतायत, तुमचं पथक इथं आहे का?" फोन कापू नका, चालू ठेवा. नियंत्रण कक्षाला विचारता येतं आणि गरज पडली तर जवळची गाडी पाठवता येते.

सोलापुरात एक घोळ होतो. शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याला वेगळं ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय. दोन्हींचे नियंत्रण कक्ष वेगळे. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही शहरातली ठाणी. मोहोळ, टेंभुर्णी, मंगळवेढा, अक्कलकोट ही ग्रामीणची. ११२ लावला की हद्दीचा विचार आपल्याला करावा लागत नाही, म्हणून मी ठाण्याच्या नंबरापेक्षा तोच धरतो.

गाडी थांबल्यावर

दारं आतनं लॉक. काच चार बोटं खाली, आवाज जाईल आणि कागद सरकेल इतकीच. गाडी चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हे भीती म्हणून नाही. बाहेरचा माणूस खरा असेल तर त्यालाही तुमचे हात दिसले की बरं वाटतं. त्याच्याही जिवाला घोर असतोच.

मग नम्रपणे, पण स्पष्ट: "साहेब, थांबलोय. ओळखपत्र बघू द्या, मग सांगाल ते करतो." आवाज चढवू नका, मोबाईल त्याच्या नाकासमोर नाचवू नका. ओळखपत्रावर फोटो, नाव, हुद्दा बघा. शिपाई-हवालदार असेल तर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा पोलीस क्रमांक, विचारा. खरा माणूस बक्कल नंबर पटकन सांगतो, खोट्याची इथंच बोबडी वळते. कोणत्या ठाण्याचे, तिथं आत्ता ठाणे अंमलदार कोण आहेत, हाही प्रश्न कामाचा. नुसतं पाकीट उघडून झटक्यात मिटवलं तर "परत एकदा दाखवा साहेब, नीट दिसलं नाही" म्हणायला लाजू नका.

गाडीवरनं ओळखायला जाल तर फसाल. खासगी गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत "पोलीस" लिहिलेलं स्टिकर रस्त्यावर ढिगानं दिसतं. कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा. त्या स्टिकरनं कुणाला कसलाही अधिकार मिळत नाही. डॅशबोर्डवरची टोपी आणि काठी यांचंही तेच. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरनंही गेला. कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरच्या पोलीस गाड्यांना लाल-निळा-पांढरा असा मिळून दिवा असतो. बाजारात तो दिवा विकत मिळतो हेही खरंच. म्हणून माझ्या लेखी दिव्याला निम्मे मार्क, ओळखपत्राला आणि ११२ च्या उत्तराला उरलेले.

शेजारी बसलेल्याकडं एमपरिवहन हे सरकारी वाहन ॲप असेल तर मागच्या गाडीचा नंबर टाकून बघता येतो. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण गाडीचा प्रकार कळतो. नंबर स्कॉर्पिओवर आणि ॲपमध्ये दुचाकी निघाली, तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

कागद, चावी, पैसे

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली लायसन आणि आरसी चालते, केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये इलेक्ट्रॉनिक कागदाला मान्यता आहे. नुसता गॅलरीतला फोटो मात्र धरत नाहीत, त्यावर वाद घालू नका. आमच्या टुरिस्ट गाड्यांना वर परमिट आणि फिटनेस लागतं. फोन दाखवा, हातात देऊ नका. स्क्रीन पिन करून ठेवायची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती शिकून घ्या.

लायसन जप्त करायचं असेल तर कलम २०६ प्रमाणे पोचपावती द्यावी लागते. पावती नाही तर लायसन नाही. चावी हिसकावून घ्यायचा अधिकार असा कुठल्या कलमात लिहिलेला नाही. गाडी ताब्यात घ्यायची तरतूद कलम २०७ मध्ये आहे, पण ती ठरावीक कारणांसाठी, जसं की नोंदणी किंवा परमिट नसणं. आणि ताब्यात घेतली तर तिची नोंद होते. तरीही चावी घेतलीच, तर झटापट करू नका. वेळ, जागा, नाव लक्षात ठेवा. चावीवरनं हाणामारी झाली की मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि तुम्ही आरोपी होता.

पैशांबद्दल एकच गोष्ट सांगतो. दंड म्हणजे ई-चलन किंवा पावती. "ह्या नंबरवर फोन पे मार" म्हणणारा माणूस खोटा असो की खरा, दोन्ही बाबतीत मारायचं नाही. "साहेब, चलन टाका, भरतो" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं आम्हा ड्रायव्हर लोकांना सगळ्यात अवघड जातं.

"आमच्या गाडीत बस"

इथं मात्र ठाम राहायचं. खूण नसलेल्या गाडीत बसायचं नाही. "साहेब, मी माझ्या गाडीनं तुमच्या मागनं ठाण्यात येतो, कुठलं ठाणं ते सांगा" म्हणा. किंवा त्यातल्या एकानं ओळखपत्र दाखवून तुमच्या गाडीत बसावं आणि ठाण्याकडं निघावं, हेही चालण्यासारखं. ठाण्याऐवजी गाडी भलत्याच रस्त्याला वळवायला सांगितली, तर पुन्हा उजेड शोधायचा.

खरीच अटक असेल तर कारण सांगणं (कलम ४७), तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं (कलम ४८), अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची आणि तुमची सही, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं (कलम ५८) हे सगळं नव्या संहितेनं त्यांच्यावर टाकलंय. झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं ते कलम १०५. "माझ्या बायकोला फोन लावू द्या" ही मेहेरबानीची मागणी नाही, हक्काची आहे.

बाई एकटी गाडी चालवत असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही. अपवादाची परिस्थिती असेल तर महिला पोलिसानं, न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन. म्हणजे रात्री अकराला दोन पुरुष येऊन "मॅडम, चला" म्हणाले, तर काच वर आणि ११२. माझ्या पुतणीला मी हेच घोकून घेतलंय. होटगी रोडला तिची रात्रपाळी असते. ती म्हणते, "काका, मी काचच खाली करलाली नाही." बरोबर आहे.

पोलीस नसलेले "साहेब"

रस्त्यावर हात करणारा प्रत्येक सरकारी माणूस पोलीस नसतो. आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक खाकीतच असतात, त्यांच्या भरारी पथकाला कागद तपासायचा पूर्ण अधिकार आहे. जीएसटीवाले मात्र साध्या कपड्यांत आणि भाड्याच्या गाडीतही येतात. चादर, टॉवेल घेऊन जाणाऱ्या आपल्या टेम्पोवाल्यांना हे माहीत आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ६८ खाली त्यांना मालाची गाडी अडवून बिल आणि ई-वे बिल बघता येतं. माल तपासायचा असेल तर ड्रायव्हरचा जबाब एमओव्ही-०१ या फॉर्ममध्ये आणि तपासणीचा आदेश एमओव्ही-०२ मध्ये लेखी येतो. तो कागद मागा, आणि मालकाला लगेच कळवा. निवडणुकीच्या दिवसांत गाड्या तपासणारी स्थिर पथकं असतात, त्यांच्याबरोबर कॅमेरावाला असतो.

आता सीझिंगवाले. गाडीच्या कर्जाचा हप्ता थकला की दोन-तीन पोरं साध्या गाडीतनं आडवी येतात, रुबाब असा की फौजदार वाटावेत. ती वसुली एजंटाची माणसं. त्यांना रस्त्यात गाडी अडवून चावी काढायचा पोलिसी अधिकार नाही. हप्ता थकलाय ही गोष्ट खरी असली तरीही नाही. जनावरांच्या गाड्या अडवणाऱ्या टोळक्यांचंही तसंच. गुन्हा वाटत असेल तर त्यांनी पोलिसांना फोन करावा, रस्त्यावर न्याय करायला त्यांना कुणी नेमलेलं नाही. अशा वेळी तुमची वाट एकच, उजेड आणि ११२.

दुचाकीवर असाल किंवा पायी

दुचाकीला काच नाही, लॉक नाही. म्हणून थांबण्याची जागा आणखी जपून निवडायची. चालू दुकानासमोर, माणसांत. गाडीवरनं उतरायचं, हेल्मेट डोक्यातच ठेवायचं, चावी खिशात.

पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक वेगळाच प्रकार महाराष्ट्रभर चालतो. मोटरसायकलवरनं दोघं येतात, कार्ड दाखवतात, "आजी, पुढं चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतात. बांधायला मदतही करतात. घरी येऊन रुमाल सोडला तर आत खडे. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला: कुठलाही खरा पोलीस रस्त्यात अंगावरचे दागिने काढायला सांगत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेत आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर तर हे आधीच बजावून ठेवलेलं बरं.

नंतर काय करायचं

माणसं तोतया निघाली आणि तुम्ही सुटलात, तरी तक्रार द्याच. पोलीस असल्याचं सोंग घेऊन काम करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. फसवायच्या हेतूनं नुसता तसा पोशाख घातला किंवा बिल्ला लावला तरी कलम २०५. घटना मोहोळ हद्दीत आणि तुम्ही पोचलात विजापूर नाक्याला, तर "तिकडं जा" म्हणून परत पाठवता येत नाही. कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. डॅशकॅमचं फुटेज त्याच रात्री वेगळं काढून ठेवा, नाहीतर कार्डावर नवीन चढून जुनं पुसलं जातं. टोलनाक्यावर थांबला असाल तर तिथल्या कॅमेऱ्याची वेळ तक्रारीत लिहा.

खऱ्या पोलिसानं वाईट वागणूक दिली असेल तर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला अधीक्षक यांच्याकडं लेखी अर्ज. गंभीर गैरवर्तन असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. अर्जात नाव, बक्कल नंबर, गाडी नंबर, वेळ एवढं असलं की पुरे. राग अर्जात ओतू नका, वाचणारा कंटाळतो.

भीमा ओलांडल्यावर

विजापूरला जाताना टाकळीचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, अक्कलकोटकडनं गाणगापूरला जातानाही तसंच. मोटार वाहन कायदा, न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता ही केंद्राची, तिथंही तीच कलमं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम मात्र आपल्या हद्दीपुरता. ११२ तिकडंही लागतो. फरक भाषेचा, आणि आपल्या सोलापूरकरांना तो जास्त छळत नाही. काच चार बोटं खाली करून "सर, आयडी कार्ड तोरिसरी" म्हणायचं. माझ्यावर ही वेळ एकदा आली होती. तो शिपाई हसला, खिशातनं कार्ड काढून काचेला लावलं आणि मराठीत म्हणाला, "सोलापूरचे का?"